बोलणं झालं

प्रमिलाबाई देवरेंना जिल्हा कारागृहात दाखल केलं, त्याच्या दुसऱ्या दिवशी त्यांच्या मुलाला पडद्यावरून पहिली मुलाखत मिळाली. तुरुंगात भेटीला मुलाखत म्हणतात, हे हर्षदला तेव्हाच कळलं. तो नाशिकच्या एका ज्युनियर कॉलेजात फिजिक्स शिकवायचा. मधल्या सुट्टीत तो प्रयोगशाळेच्या मागच्या खोलीत जाऊन बसला आणि दार लोटून घेतलं. दाराची कडी बिघडलेली होती.

फोनवर आधी एका बाईचा खणखणीत आवाज आला. "जिल्हा कारागृह, महिला विभाग. बंदी प्रमिला सुधाकर देवरे यांची मुलाखत सुरू होत आहे."

हर्षदने आवाज कमी करेपर्यंत वाक्य संपलं होतं. दारापलीकडे एक सहकारी जर्नलं तपासत बसला होता. फटीतून दिसत होता. त्याने मान वर केली नाही, आणि तेच हर्षदला जास्त लागलं.

मग आई दिसली. तिच्या केसांतल्या पिना काढून घेतल्या होत्या. जन्मभर घट्ट अंबाडा घालणाऱ्या आईची बारीकशी वेणी खांद्यावरून पुढे आली होती.

"जेवलास?" तिने विचारलं.

"हो. तू?"

"इथे लवकर देतात."

तिने वेणी मागे टाकली.

"ऋतुजा कशी आहे?"

"बरी आहे. आई, खैरनार वकील येऊन जातील. ते सांगतील तसं कर. फोनवर दुसरं काही बोलू नकोस."

"बरं," ती म्हणाली. तिला अजून काहीतरी बोलायचं होतं. हर्षद मात्र दाराकडे बघत होता, आणि मुलाखत संपल्यावर त्याच्या लक्षात आलं की आपण बराच वेळ दाराकडेच बघत होतो.

प्रमिलाबाई सातपुड्याच्या पायथ्याशी एका खासगी संस्थेच्या मुलींच्या वसतिगृहात अधीक्षिका होत्या. वीसएक वर्षं त्यांनी ते वसतिगृह शिस्तीत चालवलं. त्यांच्या मुली शिकून नर्स झाल्या, तलाठी झाल्या, एक तर पोलिसात गेली. या फाल्गुनात नववीतली रंजिता पावरा पोटदुखीने वसतिगृहातच गेली. अपेंडिक्स फुटलं होतं. तिला वेळेत दवाखान्यात नेलं नाही, म्हणून प्रमिलाबाईंना आणि वसतिगृहाचा रखवालदार उखा सोनवणे याला अटक झाली. प्रमिलाबाईंनी पोलिसांना सांगितलं होतं, "मी उखाला संध्याकाळीच गाडी आणायला सांगितलं. तो पिऊन पडला." उखा म्हणत होता की असं काही झालंच नाही. पण त्याचं जुनं पिणं सगळ्यांना ठाऊक होतं, आणि प्रमिलाबाईंचं नावही सगळ्यांना ठाऊक होतं.

नव्या बंद्यांना पहिला पंधरवडा वेगळ्या कक्षात ठेवायचे. साथीच्या काळात सुरू झालेला नियम पुढेही राहिला होता. तेवढे दिवस समोरासमोर भेट नाही, फक्त पडद्यावर, रोज थोडा वेळ. माणूस तुरुंगात मोडतो तो बहुधा याच दिवसांत. घर सुटलेलं असतं, आतलं जग अजून कळलेलं नसतं, आणि स्वतःच्या जिवाचं बरंवाईट करण्याचे प्रकारही याच दिवसांत जास्त होतात. रोज घरचा चेहरा दिसला तर माणूस तगतो, हे अभ्यासातून दिसलं होतं. पण रोज बोलायला घरच्यांना जमत नाही. काही जण कामावर असतात, काही जण रागावलेले असतात. त्यासाठी 'सोबती' आणला होता.

सोबती म्हणजे घरच्या माणसाचं प्रतिरूप. हर्षदने परवानगी दिली की त्याच्या फोनमधले आवाज, व्हिडिओ, आईला पाठवलेले वर्षानुवर्षांचे निरोप, हे सगळं सोबती वाचून घेणार आणि त्यातून हर्षदचा चेहरा, आवाज, बोलण्याची ढब तयार करणार. तो कधी 'हं' म्हणतो, कुठे थांबतो, आईला चिडवताना कोणता शब्द वापरतो, सगळं. आणि प्रतिरूप नुसतं बोलत नसे, ते बघतही असे. हृदयाचा प्रत्येक ठोका चेहऱ्याच्या कातडीखाली रक्ताची एक बारीक लाट पाठवतो. त्या लाटेने कातडीचा रंग इतका किंचित बदलतो की आपल्या डोळ्यांना कळत नाही, पण कॅमेऱ्याला कळतो. सोबती त्यावरून समोरच्याची नाडी मोजत राही, आणि कोणत्या बोलण्यानंतर ती शांत होते ते शिकत जाई. केसबद्दल त्याने काहीही सल्ला द्यायचा नाही, असा नियम होता. बंदी बोलला तर फक्त ऐकायचं.

तिसऱ्या दिवशी कारागृहाकडून विचारणा आली. आज आपण स्वतः बोलणार की सोबती बोलेल? त्या वेळी बारावीच्या प्रात्यक्षिक परीक्षा चालू होत्या आणि बाहेरून परीक्षक आले होते. हर्षदने सोबतीला परवानगी दिली. एका दिवसापुरती, असं त्याने स्वतःला सांगितलं.

संध्याकाळी निरोप आला. 'आज आईंनी दोन्ही वेळा जेवण घेतलं. बोलताना एकदा हसल्या.' हर्षदने तो निरोप पुन्हा पुन्हा वाचला. आदल्या दिवशी त्याच्याशी बोलून ती हसली नव्हती.

"आईंशी बोललास आज?" घरी त्याच्या बायकोने, ऋतुजाने विचारलं.

"बोलणं झालं," तो म्हणाला.

त्यानंतर रोज हेच झालं. ऋतुजा विचारायची, तो 'बोलणं झालं' म्हणायचा. कोण बोललं हे त्या शब्दांत नव्हतं, आणि ते नव्हतं म्हणूनच तो तेच शब्द वापरत होता, हे त्याला कळत होतं. परीक्षा संपल्या. तरी तो सोबतीलाच पाठवत राहिला. निरोप चांगले येत होते. आई जेवते, झोपते, कक्षातल्या एका तरुण मुलीला सही करायला शिकवते. त्याला हायसं वाटायचं आणि मग त्या हायसं वाटण्याची लाज वाटायची. तीही दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत टिकत नसे.

पंधरवडा संपत आला तेव्हा खैरनार वकिलांचा फोन आला.

"सर, तुम्ही आईंना काय सांगितलंत?"

"काही नाही. का?"

"त्या न्यायाधीशांसमोर नवा जबाब देणार म्हणतात. उखाने गाडी काढू का विचारलं होतं, मीच नको म्हटलं, असा. मी समजावून थकलो. म्हणतात, माझं मुलाशी बोलणं झालंय, त्याला सगळं सांगितलंय." वकील थांबले. "हा जबाब झाला तर जामीन विसरा. पुढे शिक्षा अटळ आहे. हे तुम्हाला माहीत होतं ना?"

"मी बघतो," एवढंच हर्षद म्हणाला.

आपल्या नावाने झालेलं बोलणं घरच्या माणसाला कारागृहात येऊन ऐकता येतं, असा नियम होता. दुसऱ्या दिवशी रजा टाकून हर्षद गेला. तिथल्या समुपदेशक तायडे मॅडमनी त्याला एका लहान खोलीत बसवलं आणि हेडफोन दिले.

"कुठलं ऐकायचं?" त्यांनी विचारलं. "तुम्ही एकही ऐकलेलं दिसत नाही."

"जिथे ती केसबद्दल बोलली, ते."

पडद्यावर आई होती, आणि कोपऱ्यातल्या चौकोनात तो स्वतः. निळा चौकड्यांचा शर्ट होता, त्याला आवडणारा. आईने बराच वेळ कक्षातल्या त्या मुलीबद्दल सांगितलं. कोपऱ्यातला हर्षद मध्ये मध्ये हसत होता, नेमक्या जागी. मग आई थांबली.

"हर्षद, तुला माझी लाज वाटते का रे?"

कोपऱ्यातल्या हर्षदने क्षणभर वेळ घेतला, तो घेतो तेवढाच.

"नाही, आई. कशाला वाटेल?"

'कशाला' त्याने लांबवला होता. हर्षद तसाच लांबवतो. आईचे खांदे खाली आले, हे पडद्यावरही दिसलं.

"मग ऐक," ती म्हणाली. "रंजिताने सकाळपासून पोट धरलं होतं. होळीआधीचा भोंगऱ्याचा बाजार जवळ आला की दरवर्षी मुलींची पोटं दुखतात, घरी सोडावं म्हणून. मी म्हटलं, हे त्यातलंच. संध्याकाळी उखा आला. बाई, पोरगी पांढरी पडलीय, गाडी काढू का? मी नको म्हटलं. एकीला सोडलं की उद्या दहा जणी येतील. तो थोड्या वेळाने परत आला. मी त्याच्यावर ओरडले. पुन्हा तो आला नाही. येणार कसा?"

"हं. मी ऐकतोय, आई."

ती बराच वेळ बोलली नाही. कोपऱ्यातला हर्षदही बोलला नाही. हर्षद ते शांत बसणं बघत राहिला. तो असता तर पहिल्याच शब्दाला म्हणाला असता, आई, फोनवर नको.

"मी तिच्या खाटेपाशी गेले होते," आई म्हणाली. "ती मला म्हणाली, बाई, मी बाजाराला नाही जाणार. पण मला दवाखान्यात न्या. मी म्हटलं, झोप आता. पोलीस आले तेव्हा उखाचं नाव माझ्या तोंडातून कसं निघालं, कळलं नाही. निघालं आणि सगळ्यांना लगेच पटलं. मग मला तेच सोपं झालं."

हर्षदने हेडफोन काढून ठेवले. समोर पाण्याचा ग्लास होता, त्याला हात लावावासा वाटला नाही.

"त्याने 'नाही' का सांगितलं?" त्याने विचारलं. "मला विचारलं नव्हतं कुणी."

"तुम्हाला विचारण्यासाठी तुम्ही तिथे लागता," तायडे मॅडम म्हणाल्या. त्या चिडल्या नव्हत्या. "लाज वाटते का, हे विचारताना त्यांची नाडी खूप वाढली होती. ती उतरवणं हे सोबतीचं काम. 'नाही' म्हटल्यावर ती उतरली. त्याच्या दृष्टीने ते उत्तर नव्हतं, औषध होतं. सोबती आल्यापासून आमच्याकडे या कक्षात एकानेही जीव दिलेला नाही. म्हणून मी त्याच्या बाजूने आहे. पण ते 'नाही' तुमच्या तोंडून गेलंय, हेही खरंच."

"तिला माहीत आहे का, की ते यंत्र आहे?"

"दाखल होताना सांगतो आम्ही. सहीसुद्धा घेतो. पण त्या दिवशी कुणाला काय ऐकू येतं, सर?"

बाहेर येऊन त्याने खैरनारांना फोन केला आणि जे होतं ते सांगितलं. वकिलांचा आवाज एकदम मोकळा झाला.

"अहो, मग सोपं आहे. आता समोरासमोर मुलाखत मिळेल. त्यात सांगून टाका की तो तुम्ही नव्हता. त्या तुमच्या जोरावर हे करताहेत. तो जोर राहिला नाही की जबाबाचा विचार आपोआप जाईल."

"म्हणजे मी तिला..."

"खोटं बोला असं मी म्हणत नाहीये," खैरनार म्हणाले. "खरं तेच सांगा."

मुलाखतीला जाताना बसमध्ये हर्षदने हेच घोळवलं. खरं सांगायला हवं होतं, यात शंका नव्हती. पण इतके दिवस ते सांगावंसं वाटलं नाही आणि आता वाटतंय, कारण आता ते सोयीचं आहे. आई सुटेल. उखा आत राहील. आणि आपण मात्र खरं बोललो, असं म्हणायला आपण मोकळे. न सांगावं, तर आई एका यंत्राच्या शब्दावर शिक्षा भोगायला जाईल. त्याने दोन्ही बाजूंनी विचार केला आणि दोन्हीकडे त्याला स्वतःबद्दल किळस आली. बस कारागृहाच्या थांब्यावर थांबली, तोवर काही ठरलं नव्हतं.

मुलाखतीच्या खोलीत मध्ये काच होती आणि दोन्ही बाजूंना फोनचे रिसीव्हर. आई आली. चेहरा उतरला होता, पण चाल सरळ होती.

"आलास," ती म्हणाली. "रोज बोलत होतास म्हणून निभावलं रे. इथे कितीतरी बायकांचं कुणी येत नाही."

आता बोललं नाही तर पुढे कधीच बोलता येणार नाही, असं त्याला वाटलं.

"आई, तो मी नव्हतो."

"कोण?"

"रोज पडद्यावर दिसायचा तो. पहिल्या दिवशी मी होतो. नंतर ते यंत्र होतं. माझा आवाज, माझा चेहरा, पण बोलणारं यंत्र. मी परवानगी दिली होती."

आईने त्याच्याकडे नीट बघितलं. मग रिसीव्हर मांडीवर ठेवला. तिचे ओठ हलले, पण ती काय म्हणाली ते काचेतून कळलं नाही. शेजारच्या खिडकीपाशी एक म्हातारा कुणाला तरी ओरडून खुशाली विचारत होता. हर्षद रिसीव्हर कानाला लावून बसून राहिला.

बऱ्याच वेळाने तिने रिसीव्हर उचलला.

"पहिल्या दिवशी तू घाईत होतास," ती म्हणाली. "नंतर घाई दिसली नाही. मला वाटलं, सावरला बिचारा."

त्याने मान खाली घातली.

"इकडे बघ. आता तू सांग. वाटते लाज?"

"हो."

"ती पोरगी माझ्या हातून गेली, म्हणून?"

'हो' म्हणणं अगदी सोपं होतं. शब्द तोंडापर्यंत आलाही होता.

"नाही," हर्षद म्हणाला. "पेपरात तुझं नाव आलं म्हणून. कॉलेजात सगळ्यांना कळलं म्हणून. मी वर्गात शिरलो की मुलं बोलायची थांबतात, म्हणून. रंजिताचा विचार मी... तुझं बोलणं ऐकलं तोपर्यंत मी तिचा विचारच केला नव्हता, आई."

आईने पदराने काच पुसली, तिच्या बाजूची, जिथे श्वासाने धूसर झाली होती.

"मीही नव्हता केला," ती सावकाश म्हणाली. "त्या संध्याकाळी मी माझ्या शिस्तीचाच विचार करत होते. पोरगी समोर होती." मग तिने एकदम विचारलं, "खैरनारांनी सांगितलं ना तुला, हे सांग म्हणून?"

"हो."

"का, ते कळलं मला. तू काय म्हणतोस?"

हर्षदला वाटलं की ती आपल्याकडे धीर मागते आहे, आणि आपल्याजवळ तो नाही. यंत्राने जे इतक्या सहज दिलं ते त्याला देता येत नव्हतं. ती घरी यावी असं त्याला मनापासून वाटत होतं.

"उखाकाका पलीकडच्या भिंतीआड आहे," तो म्हणाला. "मी लहान असताना त्याने मला सायकल शिकवली. एवढंच मला सुचतंय."

वेळ संपल्याची घंटा झाली. आई उठली. जबाब देणार की नाही, ते तिने सांगितलं नाही, आणि विचारायची त्याला हिंमत झाली नाही.

सुनावणीच्या दिवशी ऋतुजाही येते म्हणत होती. मुलाखतींचं सगळं त्याने तिला आदल्या दिवशी सांगितलं होतं. ती म्हणाली होती, "मलाही तूच बोलतोस असं वाटू दिलंस." तो एकटाच निघाला.

असा जबाब न्यायाधीश आपल्या दालनात, दार लावून घेतात. आत पोलीस नसतात, वकील नसतात, घरचं कुणी नसतं. प्रमिलाबाईंना आत नेलं आणि दार लागलं. बाहेरच्या बाकावर खैरनार आणि हर्षद बसले. खैरनार एकदाच बोलले.

"अजूनही त्या नाही म्हणू शकतात. न्यायाधीश स्वतःच विचारतात, कुणाच्या दबावाखाली नाही ना, म्हणून."

दार उघडलं तेव्हा आईचे डोळे सुजलेले होते. महिला शिपाई तिला जिन्याकडे नेत होती. हर्षदजवळून जाताना ती थांबली नाही.

"सांगितलं," ती म्हणाली. "सगळं."

खैरनारांनी फाईल बॅगेत टाकली. "उखाचा वकील आज जामिनाला उभा राहील, मिळूनही जाईल," ते म्हणाले. "आता एक ऐका. कोर्टाच्या आवारात कुणाशी एक अक्षर बोलू नका. मुलीचे लोक आले आहेत." आणि ते निघून गेले.

आवारातल्या कडुनिंबाखाली एक माणूस उभा होता. डोक्याला पंचा, पायांत धुळीने भरलेल्या चपला. तो एकेका काळ्या कोटापाशी जाऊन काही विचारत होता, आणि प्रत्येक जण पुढे बोट दाखवून निघून जात होता. हर्षदला तो कोण ते न सांगता कळलं. फाटक दुसऱ्या बाजूला होतं. त्या बाजूने सहज जाता आलं असतं.

तो माणूस त्याच्याकडेच आला.

"साहेब, मी गुलाब पावरा. मेली ना, त्या पोरीचा बाप. आत बाईंनी काय सांगितलं, मला कुणी सांगत नाही. तुम्हाला ठाऊक आहे का?"

"मी साहेब नाही," हर्षद म्हणाला. "मी त्या बाईंचा मुलगा."

गुलाबने हात मागे घेतला. पण तो गेला नाही.

"मग तुम्हाला ठाऊक असेल," तो म्हणाला.

खैरनार काय म्हणाले ते हर्षदला आठवत होतं. आपण काय सांगणार आहोत, आणि ते ऐकून हा माणूस काय करेल, याचा त्याला अंदाज नव्हता. गुलाबची नाडी मोजायला आणि सोपे शब्द निवडून द्यायला इथे कुणी नव्हतं.

"उखाने गाडी काढू का विचारलं होतं," तो म्हणाला. "दोनदा विचारलं. माझ्या आईने नको म्हटलं. तिला वाटलं, बाजाराला घरी जाण्यासाठी रंजिता नाटक करते. रंजिता म्हणाली, मी बाजाराला नाही जाणार, पण मला दवाखान्यात न्या. आईने तिला झोपायला सांगितलं. उखा प्यायलेला नव्हता. ते आई खोटं बोलली. आज तिने हे सगळं न्यायाधीशांना सांगितलं."

शब्द मध्येच अडकत होते. मध्ये एकदा आवाजही गेला. गुलाब त्याच्या तोंडाकडे बघत होता. मग तो झाडाच्या पारावर बसला. पंचा सोडून त्याने तोंडावर धरला आणि तसाच राहिला. हर्षद उभा राहिला. जावं की थांबावं ते त्याला कळत नव्हतं. माफी मागायचा शब्द त्याच्या तोंडापर्यंत आला आणि परत गेला, कारण तो या माणसाला काही उपयोगाचा नव्हता.

बऱ्याच वेळाने गुलाबने पंचा खाली घेतला.

"तिची आई आजारी आहे, आली नाही," तो म्हणाला. "घरी गेलो की ती विचारेल. मला नीट सांगता आलं पाहिजे." त्याने पारावर हाताने थोडी जागा झाडली. "बसा. पुन्हा सांगा. पोरगी काय म्हणाली, तिथून सावकाश सांगा."

हर्षद त्याच्या शेजारी बसला आणि त्याने पुन्हा सांगायला सुरुवात केली.